परका शिक्षक आणि विद्यार्थ्याचा हक्क

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८२७ सालीं अधिकारसूत्रें खालीं ठेवून स्वदेशीं जाण्यास निघाले, तेव्हां या शहरांतल्या व इलाख्यांतल्या लोकांनीं त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमविली. ती दोन लाख रुपयांहून अधिक झाली. त्या काळचे दोन लाख म्हणजे काय, याची कल्पना आज आपणांस सहसा यावयाची नाहीं. या पैशाचें काय करावें याचा विचार होऊन असें ठरलें कीं, इंग्रजी भाषा आणि युरोपांतील शास्त्रें, कला व वाङ्मय हीं येथील लोकांस शिकविण्यासाठीं अध्यापकांच्या जागा निर्माण कराव्या आणि त्या जागांवर विलायतेहून विद्वान् माणसें आणावीं. येथवर हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या ठरावाला एक कलम जोडलेलें होतें, त्याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं. या जागा विलायती विद्वानांकडे राहाव्या त्या एतद्देशीय लोक त्या चालविण्यास पूर्ण समर्थ होईपर्यंतच, असा त्या कलमाचा आशय होता. आणि तो दिवस उजाडेल तो सुदिन होय, अशीही भावना त्यांत व्यक्त केलेली होती.

मला हें कलम फार मोलाचें वाटतें. ज्यांनीं पैसे दिले त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजीचें अक्षर येत नसेल. पण परक्या शिक्षकाला आपण कशासाठीं बोलावीत आहों, हें त्यांना आपल्यापैकीं अनेकांपेक्षां अधिक स्पष्ट कळत होतें. त्यांना हवी होती विद्या. ती ज्याच्याजवळ होती तो सातासमुद्रांपलीकडचा होता, म्हणून त्याला आणावयाचें. अध्यापक विद्यार्थ्यांसाठीं होता. विद्यार्थी अध्यापकासाठीं नव्हते.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. परदेशाहून आलेला शिक्षक जर नीट शिकवीत नसेल, तर त्याच्यापुढें बसलेल्या मुलांचा हक्क कोणता? तो त्यांनीं कोणाजवळ मागावा? आणि पाहुणा म्हणून, विद्वान् म्हणून, किंवा नुसता गोरा म्हणून त्याची जी भीड आपण धरतों, तिची किंमत कोण देतो?

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, परकी शिक्षकांच्या बाबतींत मुंबई पुष्कळ अंशीं भाग्यवान् ठरली. १८३५ सालीं हार्कनेस आणि ऑर्लेबार हे दोघे प्रोफेसर येऊन पोंचले. त्यांतले ऑर्लेबार हे गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवीत. बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखा असामान्य बुद्धीचा तरुण याच संस्थेंत सहाय्यक प्रोफेसर होता. या दोघांच्या हाताखालीं शिकलेले केरो लक्ष्मण छत्रे पुढें कुलाब्याच्या वेधशाळेंत कामाला लागले आणि कोणत्याही विश्वविद्यालयाची पदवी नसतां पुण्यास गणिताचे प्रोफेसर झाले. दादाभाई नवरोजींना ऑर्लेबार हिंदुस्थानची आशा म्हणत. आणि १८५५ पर्यंत त्याच गणिताच्या जागेवर दादाभाई स्वतः प्रोफेसर म्हणून बसले. ठरावांतला सुदिन अठ्ठावीस वर्षांत उजाडला. परक्या शिक्षकाची परीक्षा पाहावयाची ती अशी पाहावी. त्यानें आपल्या जागेवर बसणारा शिष्य तयार केला कीं नाहीं?

पण याच काळांत एक दुसरा वाद माजला होता. १८४७-४८ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें, शिक्षण इंग्रजींतून द्यावें कीं देशभाषेंतून, यावर मोठी खडाजंगी झाली. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीचे कट्टे पुरस्कर्ते. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते गिरगांवचे नाना शंकरशेट, आणि त्यांच्या बाजूस एक इंग्रजच होते, कर्नल जर्विस. नानांचें म्हणणें साधें होतें : सामान्य लोकांपर्यंत विद्या पोंचावयाची तर ती त्यांच्या भाषेंतूनच पोंचेल. वरच्या शिक्षणांत अखेर इंग्रजीच आली, हें आपण जाणतोंच. तो वाद मी आज पुन्हा उकरीत नाहीं. पण नाना आणि जर्विस एका बाजूला व पेरी दुसऱ्या बाजूला, ही मांडणी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एतद्देशीय एकीकडे आणि परके दुसरीकडे, अशी ती नव्हती. मुलाला समजतें कीं नाहीं हें पाहणारे एकीकडे होते.

पुढें काळ पालटला. सरकारी शिक्षणखात्यांत प्रोफेसरांच्या जागांना पगार, बढती, पेन्शन चिकटलें आणि त्या जागा कोणाच्या, हा प्रश्न कोण उत्तम शिकवितो या प्रश्नाच्या पुढें गेला. १८९६ सालीं खात्याचे दोन भाग झाले. वरचा भाग विलायतेंत भरती होणारांचा, खालचा येथें भरती होणारांचा. पगारांत मोठें अंतर. त्याच्या आधींच, १८८५ सालीं, कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांना कमी पगारावर नेमलें तेव्हां त्यांनीं तीन वर्षें पगाराला हात लावला नाहीं आणि शिकविण्याचें काम मात्र चोख केलें. आपल्याकडे कोंकणांतल्या मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. विलायतेंत गणितांत त्यांच्यावर कोणी राहिला नव्हता. ते परत येऊन फर्ग्युसन कॉलेजांत अल्प वेतनावर आजन्म सभासद म्हणून शिकवूं लागले. १९२४ सालीं ली कमिशनच्या शिफारशीनंतर विलायतेंतील ती भरती थांबली. तोंपर्यंत जीं मुलें त्या कॉलेजांत बसलीं, त्यांत एखाद्याला वर्डस्वर्थ भेटले (कवि वर्डस्वर्थ यांचे हे नातू, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल, आणि विद्यार्थ्यांवर खरी माया करणारे), तर एखाद्याला नुसता गाऊन भेटला. कोणाच्या वांट्याला काय यावें, हें विद्यार्थ्याच्या हातीं नव्हतें.

ज्याच्या हातीं होतें, त्याची एक गोष्ट सांगतों. बळवंतराव टिळक पुण्यास डेक्कन कॉलेजांत शिकत असतां, बी. ए. च्या अभ्यासाच्या दिवसांत, कांहीं काळ मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत आले होते. त्या वेळीं तें कॉलेज भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर होतें. गणित हा त्यांचा जीव कीं प्राण. परंतु येथील युरोपियन प्रोफेसरांची गणित शिकविण्याची रीत त्यांस रुचली नाहीं आणि ते परत पुण्यास केरूनानांच्या पायाशीं जाऊन बसले, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें आढळतें. त्यांनीं गवगवा केल्याचें कोठें वाचण्यांत नाहीं. शिकवणें पटलें नाहीं, विद्यार्थी उठला, चांगल्या शिक्षकाकडे गेला. येथें न्यायासाठीं हेंही सांगतों कीं, त्याच एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८४ सालीं गोपाळराव गोखले बी. ए. झाले, आणि तेही गणितांत कांहीं कच्चे नव्हते. तेव्हां एकाला जें मानवलें नाहीं तें दुसऱ्याला मानवतें, हा मुद्दा सोडून चालणार नाहीं. विद्यार्थ्याची तक्रार म्हणजे निकाल नव्हे. ती ऐकून घेण्याची गोष्ट आहे. तिची चौकशी होणें हा त्याचा हक्क.

परंतु टिळकांना पुण्याची वाट मोकळी होती. ज्याला वाट नाहीं त्यानें काय करावें? येथें मला परळच्या डबक चाळींतला एक मुलगा आठवतो. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत होते, आणि तेथूनच १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकावयाचें होतें. अस्पृश्य म्हणून तें त्यांस शिकूं दिलें नाहीं. नाइलाजानें त्यांना फारशी घ्यावी लागली. शिकविण्यास नकार देणारा परका नव्हता, आपलाच होता. त्याच शाळेंत एकदां गणित सोडविण्यासाठीं त्यांना फळ्याकडे बोलावलें, तेव्हां फळ्यामागें ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गांतल्या मुलांनीं एकच गलका केला. आणि पुढें कॉलेजांत त्याच आंबेडकरांना पुस्तकें आणि कपडे देणारे प्रोफेसर म्युलर हे परके होते.

म्हणून परका विरुद्ध स्वकीय, असा हा सामना लावूं नये. १९१६ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्रोफेसर ओटन यांना विद्यार्थ्यांनीं मारहाण केली. सुभाषचंद्र बोस यांना त्यापायीं कॉलेज सोडावें लागलें. अपमानाची चीड मी समजूं शकतों. पण गणिताचा, इतिहासाचा एक धडाही त्या मारानें कोणाला अधिक चांगला समजला नसेल. हक्क आहे तो चांगल्या शिकवण्याचा. तो परक्याजवळ मागावा, तसाच आपल्या मास्तरांजवळही मागावा, माझ्याजवळही मागावा.

माझ्याजवळ तो एकदां मागितला गेला होता, आणि तेव्हां मीं काय केलें तें सांगण्यासाठींच खरें म्हणजे हें भाषण मीं पत्करलें.

गिरणगांवांतील एका मराठी प्राथमिक शाळेंत मी नुकताच लागलों होतों. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला होता, आणि पुढल्या वर्षीं, मी सांगतों ती गोष्ट घडली तेव्हां, संप कोणी मागें घेतला नव्हता आणि तो चालूं आहे असें म्हणण्यासही कोणाचें तोंड उघडत नव्हतें. मुलें डबे आणीनाशीं झालीं होतीं. अशा वेळीं एका परोपकारी मंडळाच्या मार्फत एक परदेशी तरुण गृहस्थ आमच्या शाळेंत इंग्रजी शिकवावयास आले. पैसा घेत नसत. दिवाळीची सुटी संपली आणि सातवीच्या वर्गाचे इंग्रजीचे तास त्यांच्याकडे गेले. तो तास माझा होता. मी तो आनंदानें देऊन टाकला, आणि मोकळ्या वेळांत वह्या तपाशीत बसूं लागलों.

मनुष्य वाईट नव्हता. हंसतमुख, मुलांना जवळ घेणारा. पण शिकविणें त्याला येत नव्हतें, आणि त्याला तें येतें कीं नाहीं हें त्याला बोलावणाऱ्यांनीं पाहिलें नव्हतें. तो उशिरां येई. पाठ्यपुस्तक बाजूस ठेवून आपल्या गांवचें बर्फ, आपला कुत्रा, आपली आजी यांच्या गोष्टी भराभर सांगे. मुलें त्याच्या तोंडाकडे पाहून हंसत. तो हंसला कीं हंसत, म्हणून त्याला वाटे कीं समजतें आहे. आम्ही शिक्षक बाहेरून तें हंसणें ऐकून म्हणत असूं, पाहा, कसा आनंदानें शिकवितो. मुख्याध्यापकांनीं त्याचें छायाचित्र काढून कार्यालयांत लावलें.

मार्गशीर्षाच्या सुमारास एक मुलगी वह्या ठेवण्याच्या निमित्तानें माझ्या टेबलाशीं आली. बाप गिरणींत साच्यावर होता. दोन वर्षें घरीं. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, ते चांगले आहेत हो. पण आम्हांला कांहीं कळत नाहीं. तुम्ही परत शिकवा ना."

मीं तिला म्हटलें, "अग, पाहुण्याबद्दल असें बोलूं नये. इतक्या लांबून तुमच्यासाठीं आले ते."

ती गेली. माझ्या उत्तरांत सौजन्य होतें, असें मला त्या वेळीं वाटलें. आज पाहतां त्यांत दोन गोष्टी होत्या. एक आळस. मोकळा झालेला तास कोणाला पुन्हा नको असतो. दुसरी अधिक लाजिरवाणी : माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. त्या गृहस्थाशीं दोन वाक्यें बोलावयाचीं तर मनांत जुळवून घ्यावीं लागत. आपलें व्याकरण चुकेल या भीतीनें मीं चाळीस मुलांचा तास बुडूं दिला. मुलांना समजत नव्हतें, हें मला ठाऊक होतें. मलाही त्याचें बोलणें अर्धेंमुर्धेंच समजे. मग त्यांना कोठून समजणार?

शेवटीं फेब्रुवारींत घटक-चाचणीचे पेपर हातीं आले, तेव्हां सुटकाच राहिली नाहीं. बहुतेकांनीं कोरे दिले होते. मी वाक्यें जुळवून त्याच्याकडे गेलों. चुकत चुकत सांगितलें कीं, मुलांना समजत नाहीं. माझी अपेक्षा, तो रागावेल. तो खुर्चींत बसला, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला कीं, चार महिन्यांत हें मला कोणी कसें सांगितलें नाहीं? दुसऱ्या दिवसापासून त्यानें मला आपल्याशेजारीं उभें केलें. त्यानें सांगावें, मीं मराठींत फोड करावी, मुलांनीं पुन्हा इंग्रजींत म्हणावें. पुस्तक उघडलें. वेळेवर येऊं लागला. उरलेल्या दोन महिन्यांत त्या वर्गानें जें शिकून घेतलें तें पाहून मी थक्क झालों. माझेंही इंग्रजी थोडें सुधारलें, हें जातां जातां.

म्हणजे परक्या माणसाला मुलांचा हक्क मान्य होता. तो आड आला माझ्या भिडेच्या.

तेव्हां कायदा आजच्यासारखा नव्हता. आज आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठीं असलेल्या या कायद्यांत शिक्षकाचीं कर्तव्यें स्पष्ट लिहिलेलीं आहेत : नियमित व वेळेवर हजर राहणें; ठराविक काळांत अभ्यासक्रम पुरा करणें; प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून लागेल तें अधिक शिकविणें; पालकांना भेटून मुलाची प्रगति सांगणें. शक्य तोंवर शिकवण्याची भाषा मुलाची मातृभाषा असावी, असेंही त्यांत म्हटलें आहे. नाना शंकरशेटांचा मुद्दा दीडशें वर्षांहून अधिक काळानें कायद्याच्या पुस्तकांत पोंचला तो असा. तक्रार असेल तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी देतां येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. शिक्षक येथला कीं परदेशचा, हा भेद त्या कलमांत नाहीं.

तरी घरोघरचे आईबाप बोलत नाहींत. आज दक्षिण मुंबईंत आणि दादरच्या बाजूलाही, परदेशी शिक्षक आहेत एवढ्यासाठीं जबर फी भरून मुलांना शाळेंत घालणारीं घरें आहेत. मुलगा घरीं येऊन म्हणतो, सर काय बोलतात तें समजत नाहीं. आई म्हणते, सवय होईल, उच्चार सुधारतील. मुलाची मुलगी परदेशांत शिकते, प्रोफेसर आठ आठ दिवस भेटत नाहीं, असें आजोबा अभिमानानें सांगतात, जणूं न भेटणें हें विद्वत्तेचें लक्षण! परकी विद्यापीठांनीं या देशांत आपल्या शाखा काढाव्या यासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२३ सालीं नियम केले आहेत. तेव्हां हा प्रश्न पुन्हा आपल्या दारीं येत आहे. १८२७ च्या शेटसावकारांनीं विचारला होता तोच हिशेब आपणही विचारला पाहिजे. आमच्या पैशानें कोण आलें, तें नव्हे. आमच्या मुलांना काय आलें?

विचारण्याची रीतही असते. पहिली गोष्ट, खुद्द शिक्षकाला सांगावें, आणि लौकर सांगावें. मुलाला नेमकें काय समजत नाहीं तें विचारून घ्यावें. बोलण्याची ढब समजत नाहीं, वेग झेपत नाहीं, कीं विषयच तयार करून येत नाहींत? पहिल्या दोहोंवर उपाय चार दिवसांत होतो. तिसऱ्यावर शाळेच्या चालकांकडे जावें, एकट्यानें न जातां पांच-दहा पालकांनीं जावें, आणि वही बरोबर न्यावी. मुलाच्या कोऱ्या वहीइतकी चांगली तक्रार कोणतीच नाहीं. शिक्षकाच्या देशावर, रंगावर, खाण्यापिण्यावर एक शब्द बोलूं नये; तो बोलला कीं खरी तक्रार बुडाली. आणि ज्या सहकारी शिक्षकाला हें दिसत असेल, त्यानें तर मुलानें टेबलाशीं येण्याची वाटच पाहूं नये.

त्या सातवीच्या वर्गांत आम्ही दोघे उभे राहून शिकवूं लागलों, तेव्हां तिसऱ्या बांकावरची ती मुलगी तेथें नव्हती. गिरणगांवांतलीं कितीतरी घरें त्या दिवसांत गांवीं परतत होतीं, त्यांतच जानेवारीच्या अखेरीस तिचें घर मालवणकडे निघून गेलें. वर्गशिक्षक मीच असल्यामुळें, हजेरीपटांत तिच्या ओळीवर "नांव कमी केलें" हा शेरा लाल शाईनें मीच लिहिला होता.